उद्याच्या रूम आज मोजायच्या

मी जळगावच्या हॉटेलात अप्रेंटिस आहे. आज ड्युटी संपली तरी लिनन रूममधे, म्हणजे चादरी-टॉवेल ठेवतात तिथे, बसून राहिले, परत एकदा चादरींचे सगळे सेट मोजले. कोणी सांगितलं नव्हतं, पण हल्ली डोक्यात तेच फिरत असतं. एका बेडमागे कमीत कमी तीन सेट लागतात, एक बेडवर, एक धुवायला गेलेला, एक कपाटात घडी घालून, आणि लग्नाची दाट तिथी आली की तेही अपुरे पडतात कारण लॉन्ड्रीचा गठ्ठा यायला एक दिवस जातो आणि वऱ्हाड मात्र सकाळी सहालाच दारात उभं असतं. म्हणजे शनिवारी बेडवर कुठली चादर पडणार हे गुरुवारीच ठरलेलं असतं. हॉटेल मॅनेजमेंटमधलं मॅनेजमेंट मला पहिल्यांदा दिसलं ते या कपाटापुढे.

गोड बोलणं आपल्याकडे शिकवावं लागत नाही, खान्देशातल्या घरातून पाहुणा न जेवता गेला असं कोणी ऐकलंय का. शिकावं लागतं ते उद्या काय होणार हे आज ओळखणं. अजिंठ्याचंच घ्या. जळगावहून लेणी साधारण ६० किलोमीटर आणि सोमवारी बंद. त्यामुळे रविवारी रात्री फिरायला आलेले लोक कमी, त्याऐवजी केळीचे व्यापारी, ड्रिप आणि पाइपच्या कंपन्यांत कामाला आलेले इंजिनिअर. या लोकांना नाश्ता साडेसातला टेबलावर पाहिजे आणि शर्टाला इस्त्री रात्रीच. मंगळवारी मात्र लेण्यांची गर्दी असते, पॅक नाश्ता मागतात आणि लवकर निघतात, म्हणजे चेकआउटच्या रूम सकाळी लवकर हातात. फ्रंट ऑफिसचे भाऊ तर फोनवर बुकिंग घेतानाच विचारून घेतात की लेणी बघायचीत का, कुठल्या दिवशी, आणि सोमवार म्हटलं की तिथेच सांगून टाकतात. पाहुणा इतक्या लांब येऊन बंद गेट बघून परत गेला तर त्याचा राग खरा असतो आणि तो आमच्यावरच निघतो.

हाउसकीपिंगच्या मावशींकडून जे शिकले ते तर कुठल्या नोट्समधे मिळालं नसतं. साफसफाईच्या केमिकलना नंबर असतात, आर वन बाथरूमला, आर टू फरशीला, आर थ्री काचेला, आर सिक्स कमोडला, हे पाठांतर झालं, ते कोणीही करेल. मावशी शिकवतात तो क्रम. रूममधे शिरलं की आधी पडदे उघडायचे, सगळे दिवे लावून बघायचे म्हणजे बंद पडलेला बल्ब लगेच मेंटेनन्सला कळवता येतो, मग बाथरूममधे केमिकल टाकून ठेवायचं आणि ते आपलं काम करतंय तोवर बेड काढायचा, चादर काढतानाच डाग नि फाटलेलं बघून वेगळं ठेवायचं. दोन माणसांचं काम एकाच वेळात बसतं. मावशी दहावी झालेल्या नाहीत आणि अख्ख्या मजल्याचा वेळ त्यांच्या डोक्यात असतो. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो, हे त्यांना तोंडावर सांगितलं तर म्हणतात चल, ट्रॉली भर.

आजी मात्र अजून नाराज. मागच्या वेळी अमळनेरला गेले तर म्हणाली, इतलं शिकीसन हाटेलमा चादरी झटकाले गयी का माय तू? मी तिला म्हटलं, आजी, लग्नघरी पंगती किती उठणार, त्याला मांडे किती, त्याला पुरण किती शिजवायचं हे तुला विचारूनच ठरायचं ना, मी तेच शिकतेय, फक्त रोज आणि अनोळखी लोकांसाठी. ती काही बोलली नाही, पण नंतर आत्याला फोनवर सांगताना माझंच वाक्य सांगत होती.

अप्रेंटिसशिपबद्दल कॉलेजच्या मुली विचारतात म्हणून इथे लिहून ठेवते. ज्यांना एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा देऊन आयएचएमला, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजला, जायला जमतं त्यांनी जरूर जावं, दादरचं आयएचएम तर १९५४ पासूनचं आहे. मला घरच्या परिस्थितीत ते जमणारं नव्हतं, बी.कॉम. झालं आणि हा रस्ता मिळाला. पण करार नीट वाचा. १९६१ च्या कायद्यात अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे, असं स्पष्ट आहे. स्टायपेंड मिळतो, नॅप्स या केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेखाली त्यातले २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्राकडून येतात, पण तो पूर्ण पगार नव्हे. मग आपली खरी कमाई म्हणजे शिकणं, आणि ते मिळालं नाही तर आपण स्वस्तातले हात एवढेच. माझी एक मैत्रीण दुसऱ्या शहरात आहे, तिला महिनोन्‌महिने फक्त ब्रेकफास्ट बुफेला उभं केलंय, कारण तिथे माणसं कमी. मला याचा मनापासून संताप येतो. म्हणून रोज काय शिकलो त्याचं लॉगबुक लिहा, आठवड्याला सही घ्या आणि पुढचं डिपार्टमेंट कधी हे स्वतः विचारा, लाजू नका.

सध्या माझं थोडं किचनकडेही जाणं सुरू झालंय. थंडी आहे तर भरिताची मागणी जोरात. शेफना बामणोदकडचीच वांगी लागतात, हिरवट, कमी बियांची, जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते उगाच नाही. मागच्या अंगणात कापसाच्या काड्यांवर भाजतात, गॅसवर नाही. भाजून, सोलून, देठ काढून किती उरलं ते शेफ रोज वजन करून वहीत लिहितात, तेव्हा कुठे एका प्लेटचा भाव ठरतो. बुफेत ठेवलं की ६० अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, त्याचंही रजिस्टर वेगळं.

पण कालपासून डोक्यात आहे ते आमचं ट्रेनिंग बघणाऱ्या सरांनी पाठकोऱ्या कागदावर करून दाखवलेलं गणित. ५० रूमचं हॉटेल धर. ३० रूम सरासरी ३००० ला गेल्या, ९०,००० आले, म्हणजे हॉटेलातल्या प्रत्येक रूममागे १८००. आता भाव पाडून ४० रूम २००० ला दिल्या, हॉटेल भरलेलं दिसतं, आले ८०,०००, रूममागे १६००. आणि वर १० रूमच्या चादरी, टॉवेल, साबण, नाश्ता, मावशींची धावपळ जास्त. मी लगेच म्हटलं, सर, लॉन्ड्रीचं बिल पण वाढलं. ते म्हणाले, बरोबर, हे ज्यानं लिनन मोजलंय त्यालाच सुचतं. खूप बरं वाटलं.

म्हणून आज त्यांना नाइट ऑडिटची ड्युटी मागितली. रात्री दिवसाचा हिशोब बंद करतात, रूमचे चार्जेस, रेस्टॉरंटची बिलं जुळवतात, कोण आलंच नाही ते बघतात आणि उद्या येणाऱ्यांची यादी काढतात. ते म्हणाले आधी महिनाअखेरपर्यंत किचन स्टोअर पूर्ण कर, मग लावतो, राहतेस तिथे पोचवायला गाडी मिळेल. आईला अजून सांगितलेलं नाही. रविवारी घरी गेले की सांगेन, आजी समोर असतानाच, म्हणजे ती माझ्या बाजूनं बोलेल.