आधी टाइमटेबल, मग पटरी

2024 च्या नोव्हेंबरात जळगाव-मनमाड चौथ्या लाइनला केंद्राची मंजुरी मिळाली, 160 किलोमीटरची, आणि तेव्हापासून पाचोरा-जळगाव अपडाउन करणाऱ्या आम्हा पासवाल्यांत एकच चर्चा, नवीन गाड्या कोणत्या येतील आणि कोणाला स्टॉपेज मिळेल. मला वाटतं मागायची गोष्ट वेगळीच आहे.

सध्या रेल्वे प्लॅनिंगवर जे मिळेल ते वाचतोय, त्यात स्वित्झर्लंडचं प्रकरण डोक्यातून जात नाही. तिथे 1982 पासून देशभर गाड्या ठरलेल्या मिनिटाला सुटतात, म्हणजे 7.05 ला गेली तर 8.05 ला, 9.05 ला, दिवसभर तसंच. मग 1987 ला लोकांनी मतदान करून पुढचा मोठा प्लॅन मंजूर केला आणि त्यात क्रम उलटा होता. आधी टाइमटेबल काढलं, कुठल्या जंक्शनला कुठल्या गाड्या एकमेकींना भेटल्या पाहिजेत ते ठरवलं, आणि मग त्यासाठी जिथे गरज तिथेच नवीन पटरी टाकली. बर्न-झुरिक एका तासाच्या आत आणायचं होतं, कारण तासाच्या ठोक्याला दोन्हीकडे कनेक्शन जुळतं, त्याहून फास्ट करायची गरजच नव्हती!

आता आपलं चाळीसगाव बघा. इथून फुटणारी धुळ्याची लाइन सिंगल, साधारण 57 किलोमीटर, जामदा, राजमाने, शिरूड करत जाते. जळगावहून येणारा माणूस जिना चढून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर पोचेपर्यंत धुळ्याची गाडी उभी असेल का, यावर त्याचा अख्खा दिवस ठरतो, आणि नसली की तो एसटी पकडतो आणि पुढच्या वेळी रेल्वेचं नावच काढत नाही. वाट बघण्यातला वेळ माणसाला गाडीत बसलेल्या वेळेपेक्षा साधारण दुप्पट जड जातो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आमचा एक पासवाला दोस्त हेच त्याच्या भाषेत सांगतो, "भो, फास्ट राहू दे, टाइम पक्का सांग."

अडचण खरी आहे हे मान्य. शिरसोली, म्हसावद, माहेजी असं सगळीकडे थांबत जाणारी गाडी मागच्या सुपरफास्टची आणि मालगाडीची वाट अडवते, म्हणून तिला लूपला, म्हणजे बाजूच्या पटरीवर, घेऊन थांबवतात. त्यासाठीच तिसरी-चौथी लाइन हवी, पण ती झाल्यावर सगळी जागा लांबच्या गाड्यांनी आणि मालगाड्यांनी भरली तर लोकल माणसाला काय मिळालं?

पीजेचंही, म्हणजे पाचोरा-जामनेर लाइनचंही तेच. 2020 ला बंद पडलेली ही नॅरोगेज लाइन आता ब्रॉडगेज होऊन बोदवडपर्यंत जाणारे, तर पाचोऱ्याला मेन लाइनच्या कोणत्या गाडीशी ती जुळणार हे आत्ताच विचारायला पाहिजे, पटरी पडल्यावर नाही. खासदारांना जे निवेदन द्यायचं चाललंय त्यात स्टॉपेजच्या यादीच्या आधी एवढं टाका: भुसावळ-चाळीसगाव दर तासाला एक थांबत जाणारी गाडी, ठरलेल्या मिनिटाला, आणि चाळीसगावला धुळ्याचं कनेक्शन. मसुदा मी लिहून देतो, सह्या गोळा करायला कोण कोण येतंय सांगा.