के-टूला शाडूचा पहिला हात : अष्टहजारी प्रतिकृतींची प्रगती

जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखराच्या, के-टूच्या प्रतिकृतीचे पुठ्ठ्याचे सगळे थर चिकटवून झाले आणि त्यावर शाडूचा पहिला हात बसलाय. चो ओयू, अन्नपूर्णा आणि एकाच पाटावरचे एव्हरेस्ट-ल्होत्से आधीच तयार आहेत, म्हणजे चौदा अष्टहजारींपैकी (८००० मीटरहून उंच शिखरांपैकी) हे पाचवं शिखर.

नवीन मंडळींसाठी प्रमाण पुन्हा सांगतो. १:५०,०००, म्हणजे डोंगरावरचे ५०० मीटर माझ्याकडे एक सेंटिमीटर. दर १०० मीटरला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) घेतली की प्रत्येक थर बरोबर २ मिलिमीटरचा येतो, आणि तेवढ्या जाडीचा पुठ्ठा बाइंडिंगवाल्यांकडे मिळतो. उभं आणि आडवं प्रमाण एकच ठेवलंय. शाळेतल्या उठावाच्या नकाशांत उंची दुप्पट-तिप्पट ताणलेली असते, ते मला पटत नाही. तसं केलं की प्रत्येक टेकडी सुळका होते आणि खरा सुळका ओळखूच येत नाही. या प्रमाणात आपला पन्हाळा कोल्हापूरच्या सपाटीवरून एक सेंटिमीटरही वर येत नाही. कळसूबाई थेट समुद्रसपाटीपासून धरलं तरी ३.३ सेंटिमीटर.

उंचीचे आकडे २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानातून झालेल्या रडार मोजणीचे आहेत. फुकट मिळतात, पण के-टू ज्या रांगेत आहे त्या काराकोरममध्ये त्यांना भोकं आहेत. रडार तिरकं बघतं, त्यामुळे खड्या कड्यांच्या आडोशाचं त्याला दिसत नाही. शिवाय तीस मीटरच्या चौकोनाला एकच आकडा, म्हणून टोकं बोथट होतात. के-टूला ही दोन्ही दुखणी आहेत. भोकं फोटो बघून बुजवली, आणि शेवटचा माथा हातानेच घडवला.

शाडू थेट पुठ्ठ्यावर लावला की पुठ्ठा पाणी ओढून घेतो आणि वाळताना तडे जातात. उपाय गंगावेशीतल्या एका मूर्तिकार काकांनी दिला. आधी पाण्यात सैल केलेल्या फेव्हिकॉलचे दोन हात द्यायचे, ते वाळले की कागदाचा लगदा मळलेला शाडू लावायचा. "घाई करू नगंस. पातळ हात मार, सावलीत वाळू दे, मग दुसरा." एवढं सांगून त्यांनी के-टू हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवला, अंगठा वरून खाली ओढला आणि म्हणाले, "ह्या डोंगराला टेकायला जागाच न्हाई की रं."

काकांनी हिमालय पाहिलेला नाही, पण के-टूबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. एव्हरेस्टला शाडू लावताना अंगठा दोनदा निवांत टेकतो : खुंबू हिमप्रपाताच्या (उतारावर तुकडे झालेल्या हिमनदीच्या) वरच्या रुंद दरीत आणि ७९०६ मीटरवरच्या साउथ कोल खिंडीत. के-टूच्या नेहमीच्या वाटेवर, अब्रुझी धारेवर, पायथा सोडला की थेट साडेसात हजारांच्या वर, 'शोल्डर' नावाच्या रुंद खांद्यावरच अंगठा थांबतो. खालचे सगळे कॅम्प अरुंद टप्प्यांवर, तंबूपुरती जागा करून लावलेले. १९३८ साली अमेरिकन मोहिमेतल्या बिल हाउसने साधारण ६६०० मीटरवरची एक कातळातली घळ चढून वाट काढली. ती माझ्याकडे एक बारीक चीर आहे, पण ती नसेल तर त्या धारेला अर्थच नाही.

शोल्डरच्या वर 'बॉटलनेक'ची नळी, सुमारे ८२०० मीटरवर. तिथून माथा ४०० मीटर, म्हणजे माझ्याकडे ८ मिलिमीटर. तिथे कोरणी ठेवून टाचणी घ्यावी लागली. नळीच्या डोक्यावर अवाढव्य हिमकडा लोंबतो. त्याच्याखालून चढायचं आणि त्याच्याखालूनच डावीकडे आडवं जायचं. ऑगस्ट २००८मध्ये त्यातला बर्फ कोसळला, बांधलेले दोर तुटून गेले आणि त्या मोहिमांत ११ जण दगावले. हिवाळ्यात चढला गेलेला हा चौदांतला शेवटचा. १६ जानेवारी २०२१ला दहा नेपाळी गिर्यारोहक माथ्याच्या थोडं खाली एकमेकांसाठी थांबले आणि मग एकत्र वर गेले. तो प्रसंग आठवला की अजून अंगावर काटा येतो.

प्रत्येक प्रतिकृतीवर ८००० मीटरच्या रेषेवर मी लाल दोरा चिकटवतो. त्याच्या वर शरीर नुसतं झिजत जातं. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश. दोऱ्याच्या वर एव्हरेस्ट १७ मिलिमीटर निघतं, के-टू १२, चो ओयू चारच्या आत. आणि अन्नपूर्णा? दोनही नाही! तरी कितीतरी वर्षं चौदांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त अन्नपूर्णेचंच होतं. कारण दोऱ्याच्या खाली आहे : उत्तरेची वाट हिमस्खलनांच्या तोंडी जाते. हेच माणसाने चढलेलं पहिलं अष्टहजारी. ३ जून १९५०ला फ्रेंच गिर्यारोहक एर्झोग आणि लाशनाल वर पोचले, आणि हिमदंशाने दोघांच्या पायांची बोटं गेली. एव्हरेस्टवरही १८ एप्रिल २०१४ला १६ नेपाळी कामगार हिमस्खलनात दगावले ते खुंबूत, सहा हजारांच्याही खाली. तेव्हा आता पाचही शिखरांवर हिमस्खलनाच्या वाटा निळ्या रंगवायला घेतल्यात. नुसता लाल दोरा बघून डोंगराचा अंदाज चुकतो.

एव्हरेस्टवर पिवळी रेघ आहे ती नेपाळकडच्या वाटेची. कोल्हापूरची कस्तुरी सावेकर २०२२मध्ये एव्हरेस्टवर गेली ती याच वाटेने. गल्लीतली पोरं आली की पहिलं बोट त्या रेघेवर ठेवतात, आणि मला ते फार आवडतं.

पुढचं शिखर नंगा पर्वत, आणि तिथे माझी पद्धत अपुरी पडणार. बाकीची शिखरं ५००० मीटरपासून सुरू केली. इथे तसं केलं तर दक्षिणेकडच्या ४६०० मीटरच्या रुपाल भिंतीचा जवळपास तिसरा हिस्सा जातो. दुसऱ्या बाजूला सिंधू नदीपर्यंत साधारण २५ किलोमीटरांत जवळपास ७००० मीटरचा उतार आहे, म्हणजे पाटावर अर्धा मीटर लांब आणि १४ सेंटिमीटर उंच. ती बाजू कापली तर राखिओटकडची वाट जाते. त्याच वाटेने ऑस्ट्रियन गिर्यारोहक हर्मान बूल ३ जुलै १९५३ला ऑक्सिजनशिवाय एकटा माथ्यावर पोचला आणि उतरताना अख्खी रात्र एका टप्प्यावर उभ्याने काढली. ती वाट मी कापणार नाही. पाया १००० मीटरवर घेतोय, पाट तीन फुटी, प्लायवुड कापायला टाकलंय.

प्रश्न वजनाचा आहे. सत्तरवर थर पुठ्ठ्याचेच केले तर पाट दोघांना उचलायला लागेल. खालच्या ४००० मीटरपर्यंत थर्माकोल आणि वर पुठ्ठा असा विचार आहे. थर्माकोलवर लगद्याचा शाडू धरतो का, की मध्ये कापड लावावं लागतं? कुणी करून पाहिलं असेल तर पुठ्ठा आणायच्या आधी कळवा.