श्रुतिका ऐकवायची तर आधी भोंगा उतरवा

‘रेडिओवरच्या त्या जुन्या श्रुतिका आता कोणी ऐकंल काय हो? आम्ही एकदा लावून पाह्यली, धा मिनिटांत अर्धी मंडळी उठून गेली.’ वाचनालयवाले विचारतात, गणेश मंडळाची पोरं विचारतात, गुरुजी तर दर स्नेहसंमेलनाच्या आधी विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा तपशिलात सांगतो. माणसं उठून गेली ती श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं नाटक, जुनं होतं म्हणून नव्हे. बहुतेक ठिकाणी त्यांना ते धड ऐकूच आलेलं नसतं.

गावात आवाजाची सोय म्हणजे मंडपवाल्याचा भोंगा. भोंगा हा दवंडीचा वारस. आवाजातला खालचा भरदारपणा आणि वरची बारीक सळसळ दोन्ही छाटून मधला पट्टा तेवढा तो लांब फेकतो. ‘उद्या सकाळी दहाला ग्रामसभा’ हे वेशीपर्यंत पोचवायला त्याच्यासारखा दुसरा नाही. श्रुतिकेचा जीव मात्र नेमका त्या छाटलेल्या भागात असतो. कडी हळूच निघते, कोणी श्वास रोखतं, म्हातारी स्वतःशीच पुटपुटते. भोंग्यातून यातलं काही येत नाही, उरतो एकसुरी कलकलाट, आणि तो अर्धा तास सोसणं कोणालाही जडच जाणार. तेव्हा आधी भोंगा उतरवा. चाळीस माणसांना आठ किंवा दहा इंची एक खोक्याचा स्पीकर पुरतो. तो स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. कोपऱ्यात ढकललात तर आवाज गुमतो आणि शब्द एकमेकांत कालवले जातात. बेसचं बटण निम्म्याच्या खाली आणा. सामान वरातीतून आलेलं असेल तर ते शेवटपर्यंत फिरवलेलंच असतं.

मग खोली. समाजमंदिराला वर पत्रा, खाली फरशी. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीला शेपूट ऐकू आली तर खाली सतरंज्या आणि स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर गोधड्या टांगा. ताडपत्रीने काम होत नाही, ती आवाज पीत नाही, परतवते. पावसाळ्यात पत्र्याखाली हा घाट घालूच नका. आणि उघड्यावर स्पीकर लावणार असाल तर रात्री दहानंतर कायद्याने बंदी आहे, म्हणून आठला सुरू करा.

यापेक्षाही मोठी चूक होते ती माणसं बसवताना. खुर्च्यांच्या रांगा लावतात, स्टेजकडे तोंड करवतात, आणि स्टेजवर असतो एक स्पीकर. त्याच्याकडे किती वेळ पाहायचं? पाचव्या मिनिटाला मोबाइल बाहेर येतात. रेडिओवरचं नाटक घराघरांत कामं उरकता उरकता ऐकलं जायचं, आणि ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक असायचं. म्हणून मंडळींना गोल बसवा, ट्यूबलाइट घालवून एखादा मंद दिवा ठेवा आणि हाताला काम द्या: वाती वळणं, लसूण सोलणं, तूर निवडणं. भुईमुगाच्या शेंगा तेवढ्या देऊ नका. तीस माणसं एकदम शेंगा फोडू लागली की आत काय चाललंय ते कोणालाच कळत नाही.

अंधाराचं म्हणाल तर ते या कलेच्या जन्मापासून सोबत आहे. केवळ रेडिओसाठी लिहिलेलं बीबीसीचं पहिलं नाटक १५ जानेवारी १९२४ ला लागलं. रिचर्ड ह्यूज यांनी ते लिहिलं होतं. वेल्समधली कोळशाची खाण, ती पाहायला आलेली माणसं, एकाएकी दिवे जातात आणि पुढचं सगळं काळोखात. पात्रांना दिसत नाही, ऐकणाऱ्यालाही दिसत नाही. दोघंही एकाच खड्ड्यात. वणी, बल्लारपूर, उमरेड अशा आपल्या कोळसाखाणींच्या गावातल्या माणसाला यातलं काही समजावून सांगायची गरज नाही. शंभर वर्षं झाली, पण ‘दिसत नाही’ ही अडचण नाटकाचा विषयच करून टाकायची ही युक्ती अजून शिळी झालेली नाही.

आपल्याकडे आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. १९५७ मध्ये विविध भारती आली आणि तिच्यासोबत ‘हवा महल’ हा नाटिकांचा कार्यक्रम घरोघर गेला. मराठीत मुंबई केंद्राची ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिकामालिका जुन्या माणसांना अजून आठवते: प्रभाकरपंत, मीनावहिनी, टेकाडे भावजी. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे ते तीन आवाज एकमेकांपासून इतके वेगळे की नाव घ्यायची गरज पडत नसे. श्रुतिका लिहिणाऱ्याने पहिला धडा तिथूनच घ्यावा.

सगळं जुनं सोनंच होतं असं मात्र नाही. पात्राच्या तोंडून खताची मात्रा वदवून घेणाऱ्या श्रुतिका तेव्हाही कंटाळवाण्या होत्या, आजही आहेत. प्रत्येक दुःखी वाक्यामागे सारंगी लावलेल्या तर अजिबात लावू नका, पोरं हसतात आणि त्यांचं काही चुकत नाही. आकाशवाणीच्या यूट्यूब वाहिन्यांवर नाटकं सापडतात. त्यातलं एखादं वीस-पंचवीस मिनिटांचं, चार-पाच पात्रांचं निवडा. निवडताना पहिली दोन मिनिटं डोळे मिटून ऐका. कोण कोण आहे आणि कुठे आहे हे तेवढ्यात कळलं नाही तर ते सोडा, दुसरं नाटक घ्या.

नमुना म्हणून एखादी जुनी ऐकवा. त्यानंतर मात्र गावाने आपली स्वतःची करावी, माझं खरं उत्तर हे आहे. टेपवरचं नाटक लोक आदराने ऐकतात. आपल्या गावचा आवाज आला की कान टवकारतात.

संहिता कुठून आणायची? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क (कॉपीराइट) राहतो. ह्यूज १९७६ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं नाटक २०३६ संपेपर्यंत बांधलेलं आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले, तेही आपल्याच विदर्भातल्या सावनेरला; त्यांची नाटकं केव्हाच मोकळी झाली. हक्क असलेल्या नाटकाचा हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली सवलत आहे. ती प्रयोगापुरतीच. तेच रेकॉर्ड करून इंटरनेटवर चढवलंत की परवानगी लागते.

उदाहरणाला गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ घेऊ. दारूचा विषय इथे जुना होत नाही: वर्धा, गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. पाच अंकी नाटक अर्ध्या तासात कोंबायला जाऊ नका. हाताने लिहिलेलं अडीचशे शब्दांचं पान बोलायला दोन मिनिटं लागतात, ध्वनी आणि थांबे धरून जरा जास्तच. म्हणजे अर्ध्या तासाला बारा-तेरा पानं, बस्स. एकच धागा उचला, दारूच्या आहारी गेलेला सुधाकर आणि त्याची बायको सिंधू यांचा. पदं गाळा, नाहीतर निम्मा वेळ त्यातच जाईल. गडकऱ्यांची लांब, अलंकारिक वाक्यं माइकसमोर एका श्वासात मावत नाहीत, ती मोडून बोलीत आणा. आणि वऱ्हाडी, झाडीबोली फक्त गड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी घालायची खोड तेवढी सोडा. सिंधू ‘काहून एवढी रात केली?’ म्हणाली तर तिचं दुःख काही कमी होत नाही.

सिंधू दळणं दळून घर चालवते. रंगमंचावर आपण तिला दळताना पाहतो. रेडिओवर ते जात्याने सांगायचं. जातं आधी एकसारखं फिरू द्या, पंधरा सेकंद. मग दाराशी चपलेचा एक पाय सरकतो, दुसरा आपटतो. जातं मंदावतं. कडी दोनदा चुकते, तिसऱ्यांदा लागते. जातं थांबतं. इथे तीन सेकंद काहीच नको. तो पिऊन आलाय हे कोणीही बोललेलं नाही आणि सगळ्यांना कळलेलं आहे. नवखा लेखक इथे लिहितो, ‘अहो, तुम्ही हातात काठी घेऊन लाल डोळ्यांनी माझ्याकडे का बघता?’ त्याऐवजी काठीचा फरशीवर एक ठोका आणि सिंधूचं ‘ठेवा ते खाली’ एवढं पुरे.

लिहिताना आणखी एक पाहा: अर्धा मिनिट न बोललेलं पात्र ऐकणाऱ्यासाठी घराबाहेर गेलेलं असतं. त्याला खोकू द्या, भांडं सरकवू द्या. एका प्रवेशात चारावर आवाज नकोत, आणि दोन तरुण बायकांचे आवाज सारखे असतील तर एकीची भूमिका म्हातारीला द्या.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर कापसाने भरलेली खोली गावात सापडतेच, आणि तिच्यासारखी आवाज पिणारी जागा शहरात पैसे मोजूनही मिळत नाही. दाराजवळ दोघांना बसण्यापुरती जागा करा आणि तोंड कापसाच्या ढिगाकडे ठेवा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, आणि खाजवण्याचा आवाज माइक चोख पकडतो. उदबत्ती, विडी, लोंबती वायर आत अजिबात नको. कापूस विकला गेला असेल तर गाद्या उभ्या करून तीन बाजूंनी आडोसा करा. पंखा, कूलर, फ्रीज बंद. रेकॉर्ड करणारा मोबाइल चार्जरवर नको, गुणगुण उतरते. आणि तो विमान मोडवर टाका. शेजारच्या शेतातली मोटर केव्हा चालते ते आधी विचारून घ्या.

माइक तोंडापासून एक वीत, कुजबुजीला चार बोटं, ओरडायचं असेल तर दोन हात मागे आणि तोंड वळवून. मराठीत फ, भ, ख, थ जागोजागी. माइक तोंडासमोर सरळ धरला तर ‘भाऊ’ म्हणताच फट्‌ असा फुगा फुटतो. तो ओठांच्या कोपऱ्याकडे तिरपा धरा, किंवा भरतकामाच्या रिंगेत पातळ सुती कापड ताणून मध्ये चार बोटांवर अडकवा. कागद टाचू नका. सुटी पानं वाचून झाली की खालच्या गोधडीवर सोडून द्यायची.

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकमंडळ्यांच्या, नटांबद्दल वेगळं सांगावं लागतं. रात्रभर चालणाऱ्या नाटकात वर टांगलेला माइक आणि शेवटच्या रांगेतला माणूस धरून त्यांनी आवाज घडवलेला असतो, तो गोधड्यांच्या आडोशात फाटतो. त्यांना ‘हळू बोला’ म्हणून उपयोग नाही, हळू म्हटलं की जोर जातो. ‘शेजारी पोरगं झोपलंय, ते उठलं नाही पाहिजे’ असं सांगा. लगेच जमतं.

ध्वनींमध्ये पहिली फसगत पावसाची. खरा पाऊस रेकॉर्ड केला तर कढईत भजी तळल्यासारखा वाजतो. सुपात मूठभर तांदूळ घेऊन सूप हळूहळू तिरपं करा, हा पाऊस पटतो. विजेला दोन बाय तीन फुटांचा पातळ पत्रा एका कडेला धरून हलवायचा. चिखलातल्या पावलांसाठी घमेल्यात भिजवलेलं पोतं मुठीने दाबा. आगीला बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगाळा आणि अधूनमधून वाळलेली तुराटी (तुरीची काडी) मोडा. कपाशीची पऱ्हाटी फार जाड, तिचा कडाका हाड मोडल्यासारखा येतो (तो दुसरीकडे कामाला येतो). बैलगाडीला मात्र खरीच घागरमाळ घ्या. इथल्या कानाला खोटी लगेच कळते.

आवाज आणि ध्वनी वेगवेगळे घ्या, मग जोडा. ध्वनी वाक्याच्या आधी किंवा नंतर, वाक्यावर नाही. मूळ फाइल वेव्ह (.wav) प्रकारात ठेवा. मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, अर्ध्या तासाची साधारण १५० एमबी होते. वाटायला ६४ केबीपीएसची एमपी३ करा, चौदा-पंधरा एमबीत बसते. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नागपूर केंद्र थेट रेडिओवरच ऐकवायचं असेल तर मीडियम वेव्हचा संच हळूहळू फिरवून पाहा. आतली चुंबकाची कांडी एका दिशेला चांगलं पकडते. सेकंदाला एक अशी टक्‌टक्‌ येत असेल तर संच बिघडलेला नाही, ते जवळच्या शेतात रानडुकरांसाठी कुंपणात विजेचा झटका सोडणारं मशीन आहे. संच त्या कुंपणापासून लांब न्या, एलईडी दिवेही मालवा. एवढं करून भागलं नाही तर न्यूज ऑन एअर ॲपवर केंद्र लावा.

शेवटच्या वाक्यानंतर फाइलला दहा सेकंदांची शांतता जोडायला विसरू नका, आणि ट्यूबलाइटच्या बटणापाशी बसलेल्या पोराला ती संपेपर्यंत उठायचं नाही म्हणून बजावून ठेवा. यूट्यूबवरून लावत असाल तर आपोआप पुढचं वाजणं आधीच बंद करा. नाहीतर सिंधूच्या शेवटच्या श्वासावर डीजेचं गाणं सुरू होतं.