घोड्याच्या पाठीसाठी तीन पायऱ्या

घोड्यावर चढण्यासाठी तीन लाकडी पायऱ्या मैदानाच्या कडेला ठेवायची परवानगी मिळवण्यात माझा एक अख्खा पावसाळा गेला. त्याचा राग अजून गेलेला नाही. हे सविस्तर लिहितेय ते अशासाठी, की पुढच्या कुणाला तरी एवढं भांडावं लागू नये.

मी पुण्यातल्या एका रायडिंग क्लबात जाते. माझी उंची 5 फूट. मला मिळालेला घोडा, बादल, 16.2 हॅण्डचा, म्हणजे सोळा हॅण्ड आणि वर दोन इंच. एक हॅण्ड 4 इंचांचा, आणि मोजतात ते डोक्यापर्यंत नाही, तर आयाळ संपते तिथल्या खांद्याच्या उंचवट्यापर्यंत. हिशेब केला तर 66 इंच, साडेपाच फूट. बुटक्या भीमथडी तट्टावर रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, पाय टाकला की माणूस वर जातो. हा रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड, शर्यतीच्या जातीचा. त्याची रिकीब माझ्या छातीशी येते.

लगाम धरणं, दुडकी, वळणं हे सगळं यथावकाश जमलं. अडलं ते चढण्यापाशीच.

जमिनीवरून चढताना डावा पाय रिकिबीत जातो आणि काही क्षण सगळं वजन घोड्याच्या एकाच अंगाला लोंबतं. खोगीर डावीकडे ओढलं जातं. ते घसरू नये म्हणून खांद्याचा उंचवटा त्याला अडवून धरतो, आणि खोगिराची कड उजव्या बाजूच्या स्नायूंत रुतते. तिथे मणक्यांची वर आलेली टोकं लांब असतात, त्यामुळे ती ओढ थेट पाठीला बसते. घोडा उंच आणि स्वार बुटका असला की लोंबकळणं आणखी लांबतं. तोल सावरायला बादल पुढचे पाय फाकवायचा, पाठ खाली दाबून घ्यायचा. पुढे पुढे तर तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की कान मागे टाकायला लागला. खांद्याच्या उजव्या बाजूवर हात फिरवला की कातडी थरथरायची. घोड्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "खोगीर नंतर बघू, आधी चढायची पद्धत बदला. पायरी घ्या."

मी कमिटीला अर्ज दिला. उत्तर आलं, "स्वाराला जमिनीवरून चढता आलंच पाहिजे." मला चढता येत होतं. रपेटीला लांब गेलं आणि मध्येच उतरावं लागलं तर ते यायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण येणं वेगळं आणि एकाच घोड्यावर रोज सकाळी तीन-चार जणांनी तसंच चढणं वेगळं. हे मी पत्रात लिहिलं. मग विषय "पुढच्या बैठकीत" गेला. त्या बैठकीत निघालं की जागा लीजवर आहे, पक्कं बांधकाम चालणार नाही. मी लाकडी, उचलून ठेवता येणारी पायरी मागितली होती. पत्र कुणी पुरतं वाचलंच नव्हतं. मग नकाशा मागितला. तो दिला. मग खर्च कोण करणार? मी करते म्हटलं. मग ती वस्तू क्लबची की माझी? क्लबची, लिहून देते. मग कुणी त्यावरून पडलं तर?

एकाने सुचवलं, प्लास्टिकची खुर्ची घ्या. कृपा करून घेऊ नका. ती हलकी असते, पाय देताच सरकते, आणि घोडा दचकून बाजूला झाला तर तिच्या पायांत त्याचा खूर अडकतो.

पत्रात मी हेही लिहिलं होतं की रिकिबी नव्हत्या त्या काळात रोममध्ये गायस ग्रॅकस या पुढाऱ्याने रस्त्याकडेला स्वारांना चढण्यासाठी दगड बसवले होते, आणि आजचे जॉकीही जमिनीवरून चढत नाहीत. कुणीतरी त्यांचा पाय गुडघ्याखाली धरून त्यांना वर उचलतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एका सकाळी सेक्रेटरी साहेब पागेत आले होते. मी त्यांना विनंती केली, बादलच्या उजव्या बाजूने खोगिराच्या पुढच्या भागाखाली तळहात ठेवा. सईस मामांनी घोडा धरला आणि मी जमिनीवरून चढले. साहेबांनी हात झटकन काढून घेतला. बोटांवर वळ उठले होते. ते एवढंच म्हणाले, "बनवून घ्या." त्या दिवशी घरी जाताना मला जो आनंद झाला, तो पहिल्यांदा दुडकी जमली तेव्हाही झाला नव्हता.

सुताराकडून करून घेताना एवढं बघा: तळ माथ्यापेक्षा रुंद हवा, बाजू फळ्यांनी बंद हव्यात, माथ्यावर दोन्ही पाय नीट मावायला हवेत. आमची वरची पायरी अडीच फुटांवर आहे.

घोड्यालाही शिकवावं लागतं. रेसच्या घोड्यांना चालता चालता जॉकी पाठीवर घेण्याची सवय असते, त्यामुळे बादल पायरीशी थांबायचाच नाही. मामांनी त्याला आधी ती हुंगू दिली. मग मी वर उभी राहून नुसतं खोगीर थोपटायचे, दाबायचे, आणि तो उभा राहिला की गाजर. तो शांत उभा राहीपर्यंत पाय टाकायचाच नाही, हा मामांचा नियम, आणि तो मला शंभर टक्के पटतो.

चढण्याआधी तंग पुन्हा तपासा. पहिल्यांदा आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात; चार पावलं चालवलं की तो सैल निघतो. चढताना खोगिराची मागची कड धरून स्वतःला ओढू नका, त्याने खोगीर पिळतं. डाव्या हातात लगामाबरोबर आयाळ धरा. बुटाचं टोक घोड्याच्या बरगडीत खुपसू नका. आणि उजवा पाय पलीकडे गेला की धप्पकन बसू नका. मांड्यांवर वजन तोलून हळू टेका.

पायरी नसेल तिथे घोडा उताराच्या खालच्या अंगाला उभा करा आणि तुम्ही वरच्या अंगाला राहा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. सोबत कुणी असेल तर त्याला पलीकडची रिकीब खाली दाबून धरायला सांगा, खोगीर जागचं हलत नाही.

रिकिबींच्या पट्ट्यांचं सांगायचं राहिलं. सगळे डावीकडूनच चढतात, म्हणून डावा पट्टा ताणून लांब होतो आणि स्वार नकळत वाकडा बसतो. अधूनमधून दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल करायला हवी. आमच्याकडे ती होत नाही. त्यासाठीही मी आता कमिटीला पत्र दिलं आहे.