तुम्ही विचारलंत म्हणून : बेदाण्याची सावली

“ताई, तुम्ही चेहऱ्याला काय लावता हो?”

लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, एकदा तर दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेली असताना बायकांनी मला हे विचारलंय. मी 66 वर्षांची आहे आणि वयापेक्षा लहान दिसते, असं सगळे म्हणतात. पूर्वी मी “काही नाही, आमच्या घराण्यातच कातडी चांगली” असं सांगून मोकळी व्हायचे. आता तसं म्हणवत नाही, कारण ते खरं नाही.

माझी सख्खी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. रंग एक, नाक एक, आईबाप एक. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या मुलाच्या लग्नात फोटोवाला तिला म्हणाला, “आजी, तुम्ही थोरल्या ना, तुम्ही मधे बसा.” ती काही न बोलता मधे जाऊन बसली आणि मी कडेला. तो फोटो माझ्या कपाटात आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोतच आहे.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात 31 वर्षं काढली. पुस्तकांच्या पाठींचा रंग उडू नये म्हणून आम्ही खिडक्यांना जाड पडदे लावायचो. त्या पडद्यांनी पुस्तकं जपली तशी मलाही जपली, हे मला फार उशिरा कळलं. बहीण तासगाव तालुक्यात दिली. घरची द्राक्षबाग. एप्रिलात खरड छाटणी असते. वेलीवरच्या जुन्या काड्या काढून टाकतात, मांडव उघडा बोडका होतो, खाली सावलीचा ठिपका उरत नाही. वर्षातलं सगळ्यात कडक ऊन आणि तेव्हाच बागेत सगळ्यात जास्त वेळ डोकं वर करून काम. अशी चाळीस वर्षं.

तिच्या गावी बेदाण्याच्या शेड आहेत. तोडलेली द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात आणि शेडमध्ये जाळ्यांवर पसरतात. वरून छप्पर, बाजूंनी हिरवी शेडनेट. उन्हात वाळवला तर बेदाणा काळपट पडतो आणि भाव उतरतो, म्हणून एवढी व्यवस्था. त्या शेडसमोर उभं राहून मी पहिल्यांदा मनाशी म्हटलं, की जिनसाला सावली देण्याची अक्कल आपल्याला आहे, बाईला द्यायची सुचत नाही.

उन्हाचा हा हिशेब आमच्या घरात आधीपासून होता, आम्हीच पाहिला नाही. वडील एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचा उजवा हात कोपराखाली डाव्यापेक्षा दोन छटा काळा आणि उजवा गाल जास्त खरबरीत. खिडकी उजवीकडे. आम्हाला ते ड्रायव्हरकीचं लक्षण वाटायचं. पुढे 2012 साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला. 28 वर्षं ट्रक चालवलेला माणूस, तिकडे खिडकी डावीकडे, आणि चेहऱ्याचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा, कातडी जाड आणि घड्या पडलेली. तो फोटो बघताना मला वडील आठवले.

उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात, यूव्हीए आणि यूव्हीबी. साध्या काचेने यूव्हीबी बरेचसे अडतात, यूव्हीए मात्र आत येतात, ढगांतूनही येतात. यूव्हीबीने कातडी भाजते, म्हणून ते कळतं. यूव्हीए खोल जाऊन कातडीला ताठ धरणारं कोलॅजन तोडतात आणि त्याची जाणीवच होत नाही. वय वाढतं तसं कोलॅजन आपोआप कमी होतच असतं, पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत तर झपाट्याने. पण चेहऱ्यावर म्हातारपण म्हणून जे दिसतं त्यातला मोठा वाटा उन्हाचा असतो. पटत नसेल तर दंडाच्या आतल्या बाजूची कातडी आणि पंजाची मागची कातडी शेजारी ठेवून बघा. दोन्ही एकाच वयाच्या आहेत.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जास्त, त्यामुळे सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात. आपलं वय आधी रंगात दिसतं. गालावर वांग, कपाळाच्या कडांना काळपटपणा, ओठांभोवती सावट. आणि इथेच आपल्या बायकांची फसगत होते, कारण तरुण दिसणं आणि गोरं दिसणं ही आपल्याकडे एकच गोष्ट धरतात.

बहिणीच्या गालांवर पन्नाशीच्या आधीच वांग आले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून तिने गावातल्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, बायका विचारायला लागल्या, तिने चौघींना नाव सांगितलं. चार-पाच महिन्यांनी गाल लाल झाले, कातडी इतकी पातळ की आतल्या बारीक शिरा दिसाव्यात, हनुवटीवर केस, कपाळभर पुळ्या. लावायचं थांबवलं की आग व्हायची, म्हणून ती पुन्हा लावायची. मला फोनवर म्हणाली, “आक्का, तोंडावर निखारा ठेवल्यागत होतंय गं.” त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. कातडीच्या डॉक्टरांनी ते हळूहळू सोडवलं, त्याला जवळपास वर्ष गेलं. माझी बहीण उन्हाने थकली होती, त्या ट्यूबने तिला भाजलं. त्या दुकानदाराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आणि माझाही येतो, कारण मी शहरात होते, पुस्तकांत होते, आणि मला वेळेवर विचारावंसं वाटलं नाही.

म्हणून हात जोडून सांगते. ट्यूबवर स्टेरॉइडचं नाव, म्हणजे बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती चेहऱ्याला लावू नका. ही औषधं वाईट नाहीत, योग्य आजाराला थोडे दिवस लावायची असतात. आधीच लावत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांकडे जा. आणि ज्यावर कंपनीचा पत्ता, घटक काहीच छापलेलं नाही अशी गोरेपणाची क्रीम घरात असेल तर ती टाकून द्या. अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे, आणि पारा मूत्रपिंड निकामी करतो.

घरगुती म्हणून सगळंच सोसतं असंही नाही. लिंबू चोळून उन्हात गेलं की कातडी भाजून डाग पडतात. वजरी टाचांसाठी आहे. पाठ आणि दंड नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षं खसाखसा घासलं की तिथे तपकिरी लाटांसारखे पट्टे उठतात, मग ते मळ समजून आपण आणखी घासतो. मानेवर मखमलीसारखा जाड काळेपणा आला असेल तर उटणं बाजूला ठेवा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. बरेचदा ते मधुमेहाच्या वाटेवर असल्याचं लक्षण असतं.

आता मी काय करते ते. सकाळी साध्या पाण्याने तोंड धुते. अंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावते, हातापायांना खोबरेल. त्यावर सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा त्याहून वरचं आणि यूव्हीएसाठी पीएची खूण असलेलं. दोन बोटांवर लांबभर पट्टी काढायची, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. वाटाण्याएवढं लावून उपयोग होत नाही. बाहेर असले तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग असलेल्यांनी रंगाची छटा असलेलं घ्यावं, त्यातलं आयर्न ऑक्साइड नुसत्या उजेडालाही अडवतं आणि सावळ्या कातडीत वांग उजेडानेही वाढतात. रात्री आठवड्यातून तीनदा डॉक्टरांनी लिहून दिलेलं ट्रेटिनॉइन, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचं सुरकुत्यांवरचं औषध, लावते, तेही साठीनंतर सुरू केलं. गरोदर असणाऱ्यांनी ते लावायचं नाही. बाकी महागड्या बाटल्यांवर मी पैसे घालवत नाही.

सनस्क्रीनवर माझा विश्वास उगाच नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावी 903 माणसांचा अभ्यास झाला, निष्कर्ष 2013 साली आले. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना वाटेल तेव्हा. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं वय वाढलेलं मोजता आलं नाही, आणि तीही सगळी पंचावन्नच्या आतली साधी माणसं होती.

मी हे सगळं उत्साहाने बहिणीला सांगायला गेले, तेव्हा ती म्हणाली, “आक्का, घाम पुसताना तुझं क्रीम पदराला लागतंय. दर दोन तासांनी लावायला हात धुवायला पाणी कुठं हाय बागेत?” तिचं बरोबर होतं. उन्हात राबणाऱ्या बाईला आधी कापड लागतं, क्रीम नंतर. छाटणीला येणाऱ्या बायका साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तो शहाणपणाचाच आहे. त्यात आम्ही रुंद काठाची टोपी वाढवली, आणि तोंडाला पुण्यातल्या स्कूटरवाल्या मुली बांधतात तसा सुती स्कार्फ. बहिणीने जावयाशी वाद घालून कामाची वेळ बदलून घेतली. सकाळी सहा ते अकरा, मग चारनंतर. दुपारी सगळ्या बायका बेदाण्याच्या शेडमध्ये जेवतात, बसतात, डोळा लावतात. क्रीम दोनदाच, पहाटे घरून निघताना आणि जेवणानंतर शेडमधल्या पिंपाच्या पाण्याने तोंड धुऊन.

तिच्या गालांवरचे वांग फिकट झालेत. सुरकुत्या आहेत तशा आहेत, त्या जाणार नाहीत. तिच्याकडे कामाला येणाऱ्या अकरा जणींत दोघी पंचविशीच्या आतल्या आहेत. त्यांचे चेहरे अजून कोरे आहेत, आणि माझा जीव त्या दोघींत जास्त अडकलाय.

परवा रात्री बहिणीचा फोन आला. “आक्का, उन्हाच्या क्रीमची ट्यूब संपली. अकरा बायकांत आठ दिवस बी पुरंना. मोठी बाटली मिळती का बघ, आणि टोप्या आणखी दोन लागतील.”