झोपवण्याआधीची नळी

यंत्रमागावर काम करणारा मुलगा, वीस-बावीस वर्षांचा. लहानपणी माडीवरून हनुवटीवर आपटला आणि जबड्याचा सांधा हळूहळू हाडाने जुळून गेला. दातांच्या फटीत करंगळीही शिरत नव्हती. भाकरी आमटीत कुस्करून, बोटाने गालात सरकवून खायचा. खुजी हनुवटी, रात्री मोठमोठ्याने घोरणं. भूलतज्ज्ञ म्हणून मला काळजी वाटली ती या घोरण्याची.

अशा रुग्णाला आधी झोपवलं तर घसा सैल पडून श्वासाची वाट बुजते. मास्कने हवा गेली नाही, तर तोंडातून ना लॅरिंगोस्कोप (घसा पाहून नळी घालायचं उपकरण) जातो ना एलएमए (घशात बसवायचा श्वासाचा मास्क). म्हणून त्याचा श्वास त्याच्याच ताब्यात ठेवून, जागेपणीच नाकातून श्वासनलिकेत नळी घालायची.

आदल्या संध्याकाळी सगळं समजावलं. "मॅडम, लई दुखंल का?"

"दुखणार नाही, पण घशात अडकल्यासारखं होईल. हात वर केलास की मी थांबेन."

हे बोलणं मी कधीच गाळत नाही. घाबरलेल्या माणसाच्या घशात स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक दुर्बीण, जात नाही.

सकाळी नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब, मग घसा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची वाफ. वजन 45 किलो. किलोमागे 9 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा, म्हणजे 400च्या आतच राहायचं. सिस्टर प्रत्येक डोस फळ्यावर लिहीत होत्या. कान-नाक-घशाचे सर्जन ट्रेकिऑस्टॉमीचा, म्हणजे गरज पडल्यास गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायचा, ट्रे उघडून उभे होते.

स्कोप नाकातून उतरला. लाळेने स्क्रीन धूसर झाला, ती लाळ ओढून घेतली. पडजीभ, मग एपिग्लॉटिस (श्वासाच्या वाटेवरचं झाकण), मग स्वरतंतू. "मोठा श्वास घे, बाळा." त्याने घेतला, तंतू उघडले आणि श्वासनलिकेची कडी दिसली. स्कोपवरून साडेसहाची नळी सरकवली. मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची लाट उमटली, म्हणजे नळी श्वासनलिकेतच होती; मगच झोपवणारं प्रोपोफॉल दिलं.

सांध्यातलं हाड कापल्यावर तोंड 35 मिलिमीटर उघडलं. थिएटरमध्ये सगळ्यांचे चेहरे खुलले. पण नळी काढायची वेळही तितकीच धोक्याची: सूज, रक्त आणि भुलीचा अंमल. रक्त टिपायला घशात ठेवलेली पट्टी निघाल्याची खात्री केली, तो पूर्ण जागा होऊन माझा हात दाबेपर्यंत नळी तशीच ठेवली.

आई बाहेर आनंदाने रडत होती. तिला त्याच दिवशी सांगितलं, तोंड उघडण्याचा व्यायाम कित्येक महिने चुकवायचा नाही, दुखलं तरी. नाहीतर हाड पुन्हा जुळतं.