गवताच्या सर्व्हेत क्वाड्रेट किती टाकायचे? माझा अनुभव

साक्री तालुक्यातल्या एका दगडखाणीच्या पर्यावरण मंजुरीसाठी वनस्पतींचा सर्व्हे माझ्याकडे होता. फाइल शेवटी पुढे सरकली, पण मधे जो वेळ गेला त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय. कागदपत्रं, नकाशे, पोर्टलवरचं अपलोड यात काही अडचण आली नाही.

अडलं ते एका शेऱ्यावर. "सॅम्पल साइज अपुरा." एवढंच! किती हवा, कशाच्या आधारावर, काही नाही. आम्ही झाडं सगळी मोजली होती, त्यात सॅम्पलचा प्रश्नच नाही. प्रश्न गवताचा. 1×1 मीटरचे क्वाड्रेट (जमिनीवर आखलेल्या चौकटी) टाकून किती टक्के जमीन झाकलेली आहे ते काढलं होतं. ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, "क्षेत्राच्या किमान 1 टक्का तरी पाहिजे ना साहेब." हे लिहिलंय कुठे विचारलं तर म्हणे, "तुम्ही वाढवून आणा, मग बघू."

आता हिशोब बघा. क्षेत्र 20 हेक्टर म्हणजे 2 लाख चौरस मीटर, त्याचा 1 टक्का म्हणजे 2000 क्वाड्रेट. दोरी आणि चार खुंट्या घेऊन उतारावर बसायचं, पॅन्टला कुसळं टोचतायत, प्रत्येक चौकटीतलं कुसळी, पवन्या, मारवेल वेगळं बघायचं, हे 2000 वेळा कोण करणार आणि कशासाठी? क्षेत्र किती मोठं यावर नमुना ठरतच नाही, गवत किती कमीजास्त आहे यावर ठरतो. सोबत आलेले गावातले जिभाऊ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आठे गवत शे, तठे नुसता दगड." सगळा मुद्दा एवढाच आहे.

सूत्र साधं आहे. आधी थोडे क्वाड्रेट टाकून सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते) काढायचं, डेव्हिएशनला सरासरीने भागायचं, t ने (किती खात्री हवी त्यानुसार तक्त्यातून घ्यायचा आकडा) गुणायचं, चालेल तेवढ्या चुकीने भागायचं आणि वर्ग करायचा. समजा डेव्हिएशन सरासरीच्या 60 टक्के आहे, 95 टक्के खात्री हवी (t साधारण 2) आणि सरासरीच्या 20 टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर 36 क्वाड्रेट पुरतात. 10 टक्केच चालणार असेल तर थेट 144. चूक निम्मी करायची तर काम चौपट, म्हणून हा आकडा आधी ठरायलाच हवा. आणि तोच सांगायला कोणी तयार नव्हतं, त्या टेबलावरून या टेबलावर नुसतं पाठवत होते.

शेवटी मी तोंडी बोलणं बंद केलं. किती टक्के चूक आणि किती टक्के खात्री मान्य आहे ते लेखी कळवा, असं पत्र आवक-जावकला देऊन शिक्का घेतला, सोबत माझ्या क्वाड्रेटचा हिशोब जोडला. मग एका तरुण अधिकाऱ्याने तो पूर्ण वाचला, दोन नेमके प्रश्न विचारले आणि 20 टक्के मान्य केले. त्या दिवशी खरंच बरं वाटलं.

त्यांचा एक प्रश्न अगदी योग्य होता, नाल्याकाठ आणि मुरमाड टेकडी एकत्र का नाही केली? एकत्र केलं तर फरक फुगतो आणि क्वाड्रेट उगाच वाढतात. वेगवेगळे भाग करून प्रत्येकाचा हिशोब वेगळा करा.

पायलटला, म्हणजे आधीच्या चाचणीला, 10 च क्वाड्रेट असतील तर t 2 नाही, 2.26 धरा, वरच्या उदाहरणात 36 चे 46 होतात. जागा आधीच कॉम्प्युटरवर रँडम काढून जीपीएसमधे टाका, रस्त्याकडेची सोयीची जागा नको. स्पीशीज-एरिया कर्व्ह (क्वाड्रेट वाढवत गेल्यावर एकूण किती जाती सापडल्या त्याचा आलेख) सपाट झाला म्हणून खूश होऊ नका, त्यातून बहुतेक जाती सापडल्या एवढंच कळतं, गवताची टक्केवारी पक्की झाली असं नाही.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, पावसाळा सोडून एक सीझन घ्यायचा असला तरी पाऊस संपल्या संपल्या ऑक्टोबरात जा. आपल्याकडे उन्हाळ्यात टेकडीवर ओळखण्यासारखं गवत उरत नाही.